गाडी येत नाही तोपर्यंत

नांदगावातल्या शाळकरी वह्या चाळल्या तर एक इंग्रजी वाक्य हमखास भेटेल: 'अनटिल द ट्रेन डज नॉट कम, आय विल वेट हिअर.' गुरुजी त्यातल्या 'डज नॉट'भोवती लाल गोल काढतात, वर 'कम्स' लिहितात आणि पुढची वही उघडतात. तिच्यातही तेच वाक्य असतं. एकमेकांच्या वहीत न डोकावणारी मुलं एकच चूक एकाच जागी करतात, तेव्हा तिला निष्काळजीपणा म्हणता येत नाही. तिच्यामागे नियम असतो. आणि हा नियम इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही, कारण तो मराठीचा आहे.

मुलाच्या मनात वाक्य आधी मराठीत तयार झालेलं असतं: गाडी येत नाही तोपर्यंत मी इथेच थांबतो. या वाक्यातला माणूस वाट बघण्याच्या सगळ्या काळाकडे बघतोय. तो काळ गाडीच्या नसण्याने भरलेला आहे, म्हणून त्यात 'नाही' हवंच. इंग्रजी 'अनटिल' बघतो तो त्या काळाच्या शेवटच्या टोकाकडे, गाडी फलाटाला लागण्याच्या क्षणाकडे. त्या क्षणी गाडी आलेली असते, तिथे 'नॉट'ला जागा नाही. प्रसंग एकच, थांबणारा माणूस तोच. एका भाषेने काळाची लांबी मोजली, दुसरीने त्याची हद्द दाखवली. रशियन भाषाही इथे मराठीसारखीच नकार घालते, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या मॉस्कोतल्या मुलालाही इथेच अडखळायला होत असणार.

याहून मोठं नवल पुढे आहे. इंग्रजीची नजरही मराठीपाशी आहेच. 'गाडी येईपर्यंत थांबतो' असं आपण रोज म्हणतो. त्यात नकार नाही आणि ते 'अनटिल द ट्रेन कम्स'शी शब्दाला शब्द जुळतं. मुलाकडे दोन मराठी वाक्यं होती, त्याने इंग्रजीसाठी त्यातलं न जुळणारं उचललं. त्याला 'अनटिल'च्या नियमाची व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा 'येईपर्यंत' म्हणून बघ, एवढं सांगितलं तरी पुरतं. 'अनलेस'चंही तसंच. त्याला 'शिवाय'च्या जागी ठेवलं की त्याच्या पोटात नकार आधीच आहे हे कळतं आणि 'अनलेस यू डोन्ट स्टडी'मधला जादा 'डोन्ट' आपोआप गळून पडतो.

इंग्रजीतले जवळजवळचे शब्द आणि वाक्यं जोडणारी अव्ययं निवडताना आपण का अडखळतो, याचं उत्तर बहुतेक वेळा असं मराठीच्याच घडणीत दडलेलं असतं, आणि सुटकेची वाटही बहुधा तिथेच असते. नांदगाव हे बघायला फार चांगलं ठिकाण आहे. मध्य रेल्वेच्या मुंबई-भुसावळ मार्गावर मनमाड आणि चाळीसगाव यांच्या मधलं हे स्टेशन. 1860 च्या दशकात इथून रेल्वे गेली. मनमाडहून औरंगाबादकडे लोहमार्ग होण्याआधी वेरूळची लेणी बघायला निघालेले साहेबलोक इथे उतरत आणि पुढचा प्रवास रस्त्याने करत. त्यामुळे इंग्रजी इथे फार आधी पोचली असावी. आजही फलाटावर तीन भाषांत घोषणा होतात. तालुका नाशिक जिल्ह्यात असला तरी खानदेशाला लागून आहे, म्हणून अनेक घरांत अहिराणी बोलली जाते. शाळेत प्रमाण मराठी, टीव्हीवर हिंदी, आणि राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी. त्याआधी ती पाचवीत सुरू व्हायची. इथलं मूल एका वाक्यासाठी कधी कधी चार भाषांमधून फिरून येतं.

आता 'ऑलदो' घ्या. 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट.' यातला 'बट' पुन्हा लाल गोलात. पण मराठी वाक्य म्हणून बघा: जरी पाऊस होता, तरी आम्ही गेलो. 'जरी' आलं की 'तरी' यायलाच हवं. 'जर' आलं की 'तर', 'जेव्हा' आलं की 'तेव्हा', 'जसं' आलं की 'तसं', 'जो' आला की 'तो'. मराठीत वाक्याचा पहिला भाग हात पुढे करतो आणि दुसरा तो धरतो. ही सवय आजकालची नाही. संस्कृतात 'यदा-तदा', 'यत्र-तत्र', 'यथा-तथा' अशा जोड्या होत्या. हजारो वर्षं जोडीने चाललेल्या शब्दांतला एकच उचलून इंग्रजीत न्यायचा, म्हणजे दुसरा आपोआप मागे येणारच. मुलाने 'बट' घातला तो त्याला इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, त्याला मराठी उत्तम येते म्हणून.

यात आपण एकटे नाही. चिनी भाषेतही 'जरी'सारखा शब्द आला की पुढे 'पण'सारखा येतोच, 'कारण'सारखा आला की 'म्हणून'सारखा येतो. त्यामुळे बीजिंगमधलं मूल आणि नांदगावमधलं मूल इंग्रजीत तंतोतंत एकच चूक करतात. लॅटिनमध्येही अशी जोडी होती. खुद्द जुन्या इंग्रजीतही होती: 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'दो'च्या पाठोपाठ 'येट' येताना दिसतो. पुढच्या काळात इंग्रजीने जोडीतला एक जोडीदार सोडून दिला. 'इफ'नंतरचा 'देन' तेवढा अजून अधूनमधून दिसतो. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला आपल्या 'जरी-तरी'त काही वावगं वाटलं नसतं, ही गोष्ट मुलांना सांगायला हवी. लाल गोल काढण्याआधी सांगितली तर आणखी चांगलं.

मग इंग्रजीत जोडीतलं नेमकं कोण ठेवायचं? इथे खरी निवड सुरू होते. 'ऑलदो' ठेवला तर पाऊस मागे सरकतो, ती पार्श्वभूमी होते आणि जाणं पुढे येतं. 'बट' ठेवला तर पाऊस आणि जाणं समोरासमोर, सारख्या उंचीवर उभे राहतात. मराठीत दोन्ही शब्द वापरून आपण हा निर्णय टाळू शकतो. इंग्रजीत तो घ्यावाच लागतो.

कधी कधी मराठीला जोडणारा शब्दच लागत नाही, आणि तिथे इंग्रजीची खरी तारांबळ उडते. 'घरी जाऊन जेवून झोपला.' तीन क्रिया, अव्यय एकही नाही. सगळं काम 'ऊन' या शेपटीने केलं. अहिराणीत हेच काम 'ईसन' करतं: करीसन, जाईसन, उठीसन. आता हा 'ऊन' इंग्रजीत न्यायला गेलं की त्याचे तुकडे होतात. 'घरी जाऊन जेवला' म्हणजे आधी गेला, नंतर जेवला, तिथे 'अँड' किंवा 'आफ्टर'. 'औषध घेऊन बरा झाला' म्हणजे औषधामुळे, तिथे 'बाय' किंवा 'बिकॉज'. 'एवढं शिकून काय उपयोग झाला?' म्हणजे शिकला तरीही, तिथे 'इन स्पाइट ऑफ'. 'हसून म्हणाला' म्हणजे हसत हसतच, तिथे 'विथ अ स्माइल'. नंतर, मुळे, तरीही, सह, असे चार वेगळे संबंध एका शेपटीत मावले आहेत. मराठी ऐकणारा ते प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीत बोलणाऱ्याला ते आधीच ठरवून सांगावे लागतात.

ही रचना फक्त मराठीची नाही. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1956 मध्ये एका गाजलेल्या लेखात दाखवून दिलं की भारतातल्या भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या असूनही शेजारी राहून राहून एकमेकींसारख्या झाल्या आहेत. 'जाऊन, खाऊन' अशी साखळी मराठी-हिंदीत आहे, तशीच कन्नड-तेलुगूतही आहे. कूळ वेगळं, पण वाक्य चालवण्याची रीत एक.

त्या साखळीतलाच एक शब्द पुढे निघाला आणि अव्यय झाला. तो म्हणजे 'म्हणून'. हे 'म्हणणे'चं 'ऊन' रूप आहे, म्हणजे 'असं बोलून'. अहिराणीतला 'म्हनीसन' ऐकला की हे आणखी उघड दिसतं. हैदराबादच्या दख्खनीत याच कामाला 'बोलके' म्हणतात. तेलुगू आणि कन्नडमध्येही 'म्हणणे'पासूनच आलेले शब्द हे काम करतात. एकदा हे ध्यानात आलं की 'म्हणून' इंग्रजीत इतकी वेगवेगळी रूपं का घेतो याचा उलगडा होतो. 'पाऊस पडला म्हणून गाडीला उशीर झाला', इथे कारण आहे, तिथे 'बिकॉज' किंवा 'सो'. 'शिक्षक म्हणून काम करते', तिथे 'ॲज'. 'रमेश म्हणून एक मुलगा', तिथे 'नेम्ड'. आणि सगळ्यांत सुंदर: 'पाऊस पडेल म्हणून छत्री घेतली.' इथे पाऊस पडलेलाच नाही. कदाचित पडणारही नाही. छत्री घेणाऱ्याने मनात काहीतरी म्हटलं आणि त्या म्हणण्यापोटी छत्री उचलली. इंग्रजीत याला 'इन केस' लागतो. 'बिकॉज इट विल रेन' असं लिहिलं तर मुलाने पावसाची खात्रीच देऊन टाकली असं होतं. मराठीतली शंका इंग्रजीत जाता जाता हरवली.

'बिकॉज', 'सिन्स' आणि 'ॲज' या तिघांवर इंग्रजी शिकणारा प्रत्येकजण कधीतरी अडतो, कारण कोशात तिघांपुढेही 'कारण' लिहिलेलं असतं. फरक अर्थात फारसा नाहीच. तो ऐकणाऱ्याला काय आधीच माहीत आहे यात आहे. ऐकणाऱ्याला नवीन असलेलं कारण 'बिकॉज' सांगतो. 'सिन्स' आणि 'ॲज' हे बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या दोघांनाही ठाऊक असलेलं कारण गृहीत धरून पुढचं सांगतात. याची एक सोपी परीक्षा आहे. कोणी 'व्हाय?' विचारलं तर 'बिकॉज'ने उत्तर देता येतं, 'सिन्स'ने देता येत नाही. आता हीच परीक्षा मराठीत घ्या. 'का उशीर झाला?' 'पाऊस पडला म्हणून.' चाललं. आणि 'ज्याअर्थी पाऊस पडला...'? असं उत्तर कोणी दिलं तर आपण पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहू.

हा 'ज्याअर्थी' बोलण्यात क्वचितच येतो. पण शासनाची अधिसूचना किंवा तहसील कचेरीतला आदेश वाचला की तो भेटतो. 'ज्याअर्थी' अमुक झालं आहे, 'ज्याअर्थी' तमुकही झालं आहे, 'त्याअर्थी' आता असा आदेश देण्यात येतो. आधी सर्वांना मान्य असलेल्या गोष्टी मांडायच्या आणि मग त्यांच्या खांद्यावर निर्णय ठेवायचा. 'सिन्स'ची वृत्ती हीच. मुळात 'सिन्स' काळाचा शब्द होता, 'त्यानंतर' एवढाच त्याचा अर्थ. आधी झालेली गोष्ट हळूहळू कारण म्हणून वापरली जाऊ लागली. 'ॲज'च्या बाबतीत मात्र जपून राहावं असं माझं मत आहे. तो 'कारण'ही होतो, 'जसजसा'ही होतो आणि 'त्याच वेळी'ही होतो. शिकणाऱ्याने कारण सांगण्यासाठी त्याच्याकडे घाईने जाऊ नये.

वर मी 'मात्र' लिहिला. त्याच्याइतकं मोहक अव्यय मराठीत दुसरं नसेल. 'बट' आणि 'हाउएव्हर' यांतला फरक समजवताना शिक्षक सांगतात की 'हाउएव्हर' औपचारिक आहे. ते खरं आहे, पण अर्धं. 'पण' वाक्याच्या दाराशी उभा राहतो: नाशिकला पाऊस झाला, पण नांदगावला नाही. 'मात्र' दारात थांबत नाही, ज्याच्याविषयी बोलायचं त्या शब्दाच्या मागे जाऊन बसतो: नाशिकला पाऊस झाला. नांदगावला मात्र नाही. आता इंग्रजी बघा: 'इन नांदगाव, हाउएव्हर, इट डिड नॉट.' तोच डाव, तीच जागा. 'हाउएव्हर' वाक्यात मध्येच कुठे घालायचा हे कळत नसेल तर मराठीत 'मात्र' कुठे बसतो ते बघावं, बहुतेक वेळा जागा सापडते. आणि 'मात्र'च्या आधी आपण जसं वाक्य पूर्ण करतो, तसंच 'हाउएव्हर'च्या वाक्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो. नुसता स्वल्पविराम चालत नाही, तो 'बट'ला चालतो.

विरामचिन्हांचा विषय निघालाच आहे, तर थोडं मागे जाऊ. ही चिन्हं मराठीत इंग्रजी अमलात रुळली आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा होता. मोल्सवर्थ यांच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते होते आणि 1847 चा इंग्रजी-मराठी कोश त्यांनी पूर्ण केला. त्याआधीची मोडीतली पत्रं सलग ओळीत धावतात. वाक्य कुठे संपलं आणि विषय कुठे बदलला, हे 'ऐसियास', 'त्यास', 'तरी', 'येविशीं' असे शब्द सांगत. आज स्वल्पविराम आणि परिच्छेद जे काम करतात ते तेव्हा अव्ययं करत होती. म्हणजे मराठी लेखनिकाला अव्ययांचं वजन आपल्यापेक्षा जास्तच कळत असणार. पेशव्यांच्या दफ्तरातलं एखादं पत्र या नजरेने वाचून बघावं. कारकुनाने प्रत्येक वळणावर वाचणाऱ्याला बोट धरून नेलेलं दिसतं.

दोन भाषांची अव्ययं शेजारी शेजारी ठेवून बघण्याचा एक मोठा प्रयोग बाळशास्त्री जांभेकरांनी केला. 6 जानेवारी 1832 ला त्यांच्या 'दर्पण' या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला, तेव्हा बाळशास्त्री ऐन विशीत होते. प्रत्येक पानावर दोन स्तंभ, एकात इंग्रजी आणि एकात मराठी, मजकूर तोच. वाचकाला ठरावीक प्रतिशब्दांची सवय नव्हती. 'देअरफोर' आला तर 'म्हणून', की 'त्यावरून', की 'यास्तव'? असे प्रश्न त्या तरुणापुढे अंकामागून अंक येत राहिले असणार. पुढे 'तर्खडकर भाषांतर पाठमाले'ने हीच वाट घराघरात नेली. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. आज भाषांतराची पद्धत जुनाट मानली जाते आणि बोलायला शिकवण्यासाठी ती अपुरी आहे हे मलाही मान्य आहे. पण 'येत नाही तोपर्यंत' आणि 'येईपर्यंत' यांतला फरक दोन भाषा समोरासमोर ठेवल्याशिवाय दिसतच नाही.

काही जागी तर इंग्रजीच एकटी पडलेली असते आणि आपल्याला उगाच वाटतं की आपण कमी पडलो. 'अजून' घ्या. 'अजून पाऊस पडतोय', इथे 'स्टिल'. 'अजून गाडी आली नाही', इथे 'येट'. 'अजून दोन चहा द्या', इथे 'मोअर'. एका शब्दासाठी इंग्रजीत तीन, म्हणून मुलं गोंधळतात. आता जर्मनमधला 'नोख' बघा: तो 'स्टिल'ही होतो, नकारासोबत 'नॉट येट'ही होतो आणि 'नोख झ्वाय' म्हणजे अजून दोन. फ्रेंचमधला 'आंकोर'ही अगदी हेच तीन अर्थ घेऊन फिरतो. नांदगावच्या फलाटावरचा चहावाला, बर्लिनचा आणि पॅरिसचा, तिघेही 'अजून'ला एकच गोष्ट समजतात: जे चालू आहे ते संपलेलं नाही. पाऊस संपला नाही, वाट बघणं संपलं नाही, चहाची तहान संपली नाही. इंग्रजीने या एका कल्पनेचे तीन भाग पाडले.

'सिन्स टू इयर्स' ही भारतीय इंग्रजीची ओळखीची खूण. तिचंही मूळ असंच. मराठीत '2010 पासून' आणि 'दोन वर्षांपासून', दोन्हीकडे 'पासून'. इंग्रजी बिंदूला 'सिन्स' आणि लांबीला 'फॉर' देते. जर्मन 'झाइट' आणि फ्रेंच 'द्यप्वी' दोन्हीकडे चालतात, म्हणून जर्मन आणि फ्रेंच मुलांचीही हीच चूक होते. पण मराठीत लांबीसाठी आणखी एक वाट आहे: 'दोन वर्षं झाली, इथेच राहतो.' 'झाली' लावून वाक्य बनत असेल तर इंग्रजीत 'फॉर' लावावा. '2010 झाली' असं कोणी म्हणत नाही, तिथे 'सिन्स'.

जोडणाऱ्या शब्दांबद्दल एवढं. आता जवळच्या अर्थाचे साधे शब्द. इंग्रजीत ते इतके का, याचं उत्तर 1066 सालात आहे. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. विद्वानांची लॅटिन तर होतीच. म्हणून 'आस्क', 'क्वेश्चन', 'इन्टेरोगेट' असे मजले चढले. आपल्याकडे 'विचारणे', 'चौकशी करणे', 'पृच्छा करणे' यांचे मजले असेच: घरचा, कचेरीतला आणि संस्कृतचा. ज्याला 'मेला', 'वारला' आणि 'निधन झालं' यांतली निवड बिनचूक करता येते, त्याला 'बिगिन' आणि 'कमेन्स'मधली निवड परकी वाटायला नको. स्टेशनवर 'प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असं ऐकू येतं आणि इंग्रजीत 'रिग्रेट' येतो. 'सॉरी' तिथे येत नाही. एखाद्याच्या पायावर पाय पडला तर आपणही 'दिलगीर आहे' म्हणत नाही.

काही जोड्या मराठीत तर इंग्रजीइतक्याच काटेकोर आहेत. 'से' आणि 'टेल' म्हणजे 'म्हणणे' आणि 'सांगणे'. 'मला सांग' म्हणतो, कोणाला तरी उद्देशून. 'मला म्हण' असं या अर्थाने म्हणत नाही. 'से मी' चुकीचं का, हे मराठी मुलाच्या कानाला आधीच माहीत आहे. 'हिअर' आणि 'लिसन' म्हणजे 'मला ऐकू आलं' आणि 'मी ऐकलं'. मराठी तर माणसाचं रूपच बदलते: ऐकू आलं तेव्हा तो 'मला' असतो, लक्ष देऊन ऐकलं तेव्हा 'मी' होतो.

पण कित्येक शब्दांची निवड अर्थावर ठरतच नाही, आणि इथे भाषेचं सर्वांत मोठं आश्चर्य आहे. 'हेवी रेन' म्हणतात, 'बिग रेन' का नाही? 'स्ट्राँग टी' चालतो, 'पॉवरफुल टी' का चालत नाही? मायकेल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाने 1966 मध्ये हेच उदाहरण घेतलं होतं: मोटार 'पॉवरफुल' होते, चहा होत नाही. कारण अर्थात सापडत नाही. आपल्याच भाषेत बघा. हिरवा कसा? गार. पिवळा? धमक. लाल? भडक. काळा? कुट्ट. पांढरा? शुभ्र. 'पिवळाकुट्ट' किंवा 'हिरवाभडक' कोणी म्हणत नाही. आंबटला ढाण, गोडला मिट्ट, तिखटाला जाळ, कडूला जहर, ओल्याला चिंब, कोरड्याला ठाक. या जोड्यांचा तक्ता घरात कोणी पाठ करून घेत नाही, तरी पाच वर्षांचं मूल त्या चुकवत नाही. इंग्रजीत अंधार 'पिच डार्क' असतो, जागा माणूस 'वाइड अवेक' असतो आणि झोपलेला 'फास्ट अस्लीप'. 'ब्रँड न्यू'ला तर आपल्याकडे तयार जोडीदार आहे: नवाकोरा.

शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारी नेहमी कोण बसतं यावरही ठरतो, असं जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात मांडलं. हा फर्थ 1919 ते 1928 लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. वर्गात बसलेल्या पंजाबी मुलांचं इंग्रजी त्याने नऊ वर्षं ऐकलं. आपली भाषा आपल्याला ऐकू येण्यासाठी ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते, आणि त्या नऊ वर्षांनी फर्थला ती संधी दिली असं मला वाटतं.

शेजार मोजायचा तर लाखो शब्द हवेत. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने 1961 मध्ये छापल्या गेलेल्या मजकुरातून दहा लाख शब्दांचा संग्रह केला, ब्रिटिश इंग्रजीचा तसाच संग्रह पुढे झाला. आणि भारतीय इंग्रजीचा पहिला असा संग्रह झाला तो कोल्हापुरात. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली भारतात छापलेल्या इंग्रजीतून 500 नमुने निवडले, प्रत्येक सुमारे 2,000 शब्दांचा: बातम्या, अग्रलेख, शास्त्रीय लेखन, कथा. ते सगळं संगणकावर चढवलं, आणि तेही 1980 च्या दशकात, जेव्हा संगणक बघायलाही लांब जावं लागे. जगभरच्या अभ्यासकांत तो 'कोल्हापूर कॉर्पस' याच नावाने ओळखला जातो. अमेरिकन, ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजी एकाच मापाने मोजून शेजारी ठेवता येतात त्या महाराष्ट्रातल्या या कामामुळे. याची माहिती आपल्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी, पहिल्याच पानावर. पुढे 1987 मध्ये बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांनी अशाच मोठ्या संग्रहावरून 'कोबिल्ड' कोश काढला. त्यात शब्दाची व्याख्या पूर्ण वाक्यात दिली, म्हणजे शब्द आपल्या सोबत्यांसह समोर येतो.

असा एखादा संग्रह आता मोबाइलवरही उघडता येतो. नांदगावच्या मुलांनी तो जरूर उघडावा, पण सोबत एक वही ठेवावी, तीन रकान्यांची. पहिल्यात घरची अहिराणी, दुसऱ्यात शाळेतली मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. 'औषध लीसन', 'औषध घेऊन', हे दोन रकाने क्षणात भरतील. तिसऱ्यात 'आफ्टर' लिहायचं, 'बाय' की 'विथ', हे पुढचं वाक्य विचारल्याशिवाय ठरणार नाही: औषध घेऊन तो बरा झाला, की औषध घेऊन तो घरी आला?